फळी टाकली म्हणून होडीत दोन माणसं वाढत नाहीत

मासेमारीच्या छोट्या ॲल्युमिनियम होडीत ‘दहा मिनिटांत दोन जादा सीट, एकही भोक न पाडता’ असा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. तो आता माझ्या धाकट्या भावापर्यंत पोचला आणि त्याने पुढे पाठवताना खाली लिहिलं, ‘रविवारी करून टाकू’. म्हणून हे लिहायला बसलो. व्हिडिओतला सल्ला थोडक्यात असा: दोन बाकांवर 12 मिमीची प्लायवूडची फळी टाका, ती बंजी दोरीने (ताणणाऱ्या रबरी दोरीने) आवळा, तिच्यावर उंच खुर्ची बसवा, लाकूड ‘ट्रीटेड’ घ्या म्हणजे कुजणार नाही, आणि बाकाच्या आतला ‘बिनकामाचा’ फोम काढून तिथे सामान ठेवा. सीट चार झाल्या की चार माणसं बसली.

फोमपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी माणूस पाण्यात पडेल, पण या चुकीमुळे पडल्यावर धरायला होडीसुद्धा उरणार नाही.

बाकातला फोम पॅकिंगसाठी भरलेला नसतो. होडी पाण्याने भरल्यावर तिला वर धरणारी ती एकमेव गोष्ट असते. बंद पेशींचा, म्हणजे ज्याच्या पोकळ्यांत सहसा पाणी शिरत नाही असा, एक लिटर फोम पाण्याखाली गेला की जवळपास एक किलो वजन पेलतो. 110 सेमी लांब, 30 सेमी रुंद आणि 28 सेमी उंच बाकात सुमारे 92 लिटर फोम मावतो, म्हणजे 90 किलोच्या आसपास उचल. ॲल्युमिनियमचा 80 किलोचा सांगाडा पूर्ण बुडाला तरी त्याचं पाण्यातलं वजन 50 किलो भरतं. त्यात इंजिन धरा. एका बाकाचा फोम एवढं सगळं वर ठेवत होता, आणि तोच काढून तिथे डबे ठेवायला सांगताहेत. त्यातही मागच्या बाकाचा काढला तर इंजिनाच्या भाराने होडीची मागची बाजू खाली जाते, होडी उभी राहते आणि फक्त पुढचं टोक पाण्यावर दिसतं. त्याला तीन माणसं धरणार कशी?

अमेरिकेच्या संघीय नियमांमध्ये शीर्षक 33, भाग 183 आहे. 20 फुटांपेक्षा लहान आणि 2 अश्वशक्तीपेक्षा मोठं आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेलं) इंजिन लावायच्या होड्या पाण्याने भरल्यावरही, माणसांचा भार धरून, कलंडल्याशिवाय सपाट तरंगल्या पाहिजेत असं तो सांगतो. फोम किती आणि कुठे भरायचा, हे होडी बांधणारा त्यासाठीच ठरवतो. शिवाय बाक दोन्ही बाजूंना रिव्हेट केलेला असतो आणि बाजू फाकू देत नाही. त्याच्या पुढच्या पत्र्याला झाकणासाठी खिडकी कापली की तो आधारही ढिला पडतो. फोम पाणी प्यायला असेल तर काढावा, हे मान्य. पण तितकाच नवा, बंद पेशींचा फोम त्याच जागी भरायचा.

आता ‘चार सीट म्हणजे चार माणसं’. याच भाग 183 प्रमाणे लहान मोटरहोडीवर क्षमतेची पट्टी लावावी लागते. तिच्यावर माणसांची संख्या, त्यांचं एकूण वजन आणि इंजिन-सामानासकट कमाल भार असे आकडे असतात. त्यातला कोणताही आकडा सीट मोजून काढलेला नसतो. पट्टी नसेल तर अमेरिकी कोस्ट गार्डचा ढोबळ हिशेब वापरा: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. 12 फूट लांब, 4 फूट रुंद होडीचं उत्तर 3.2 येतं, म्हणजे तीन माणसं. तीही शांत पाण्यात, आणि माणूस सरासरी 68 किलोचा धरून. दहा खुर्च्या बसवल्या तरी उत्तर तीनच.

‘चौथा बसला तरी होडी बुडली नाही, बघा’ असं व्हिडिओत दाखवलंय. बुडणार नाहीच. एवढ्या सपाट तळाच्या होडीत 75 किलोचा माणूस मधोमध बसला तर ती जेमतेम दोन सेमी खाली जाते, आणि माणसं फसतात ती इथेच. तोच माणूस मागच्या कोपऱ्यात सरकला की तो कोपरा कितीतरी जास्त दबतो. वेग एकदम कमी केला की मागून येणारी आपलीच लाट इंजिनाच्या खाचेतून (मागच्या काठावर इंजिन लावायला ठेवलेल्या खोलगट भागातून) आत शिरते.

उंच खुर्चीने पाठ कमी दुखते, पाण्यात लांबवर दिसतं. खरं आहे. पण हिशेब करा: सांगाडा 80 किलो, इंजिन 35, सामान 30, तीन माणसं 225, एकूण 370 किलो. एका माणसाला 35 सेमी वर बसवलं तर सगळ्या होडीचा गुरुत्वमध्य सात सेमी वर जातो, तिघांना बसवलं तर 21 सेमी. व्हिडिओतली होडी चांगली रुंद आहे, म्हणून तिला ते पचलं. तितक्याच लांबीच्या होडीचा आडवा आधार, म्हणजे कलंडू न देण्याची ताकद, पाण्याच्या रेषेवरल्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी 120 ऐवजी 100 सेमी असेल तर तो 42 टक्क्यांनी घटतो. अरुंद होडीत उंच खुर्ची नकोच. रुंद होडीत एकच, मध्यरेषेवर, आणि होडी चालू असताना तिच्यावर कोणीही बसायचं नाही.

फळीचं पटकन सांगतो. 110 सेमी अंतरावर टेकवलेली, 28 सेमी रुंद, 12 मिमी जाडीची फळी 75 किलोखाली मध्यभागी सहा सेमी वाकते. लाटेवर आपटली की मोडते. 18 मिमी घेतली तरी दोन सेमी वाकते, म्हणून खालून लांबीभर 40 बाय 40 मिमीच्या दोन पट्ट्या चिकटवून स्क्रूने पक्क्या करा. बंजी ताणते, ताणली की फळी सरकते, आणि फळीबरोबर माणसाचं सगळं वजन एका काठाकडे जातं. ‘ट्रीटेड’ लाकडात बहुतेक वेळा तांब्याची संयुगं असतात. ती ओलाव्यात ॲल्युमिनियम खातात, खाऱ्या पाण्यात तर फारच लवकर.

भोकं पाडू नका, हा सल्ला मात्र बरोबर आहे. काढता येणारी सीट चांगलीच, फक्त ती नीट धरलेली हवी. मरीन प्लायवूड घ्या, कापलेल्या कडांना इपॉक्सीचे तीन हात द्या. प्रत्येक बाकाच्या आतल्या कडेला टेकेल अशी आडवी पट्टी फळीखाली लावा, म्हणजे फळी मागेपुढे हलणार नाही. बाकाच्या ओठाखाली अडकणारे क्लॅम्प चारही कोपऱ्यांना, विंगनटने आवळलेले. स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला. इंजिनाचा दांडा दोन्ही बाजूंना पूर्ण फिरतो का, वल्ही मारताना गुडघे आड येतात का, तळाच्या बुचापर्यंत हात पोचतो का, हे किनाऱ्यावरच तपासा.

मग कमरेइतक्या पाण्यात होडी बांधून, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून, इंजिन-इंधनासकट बसवा. एकाला कोपऱ्यात सरकवा आणि इंजिनाच्या खाचेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. ते वीतभरही उरत नसेल तर जादा सीट काढा आणि एका माणसाला किनाऱ्यावर ठेवून निघा.