‘एक फवारा मारला की झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘शेतकरीपुत्र’ यांस,

चवळीच्या करप्यावरच्या, म्हणजे पानं जाळणाऱ्या बुरशीच्या रोगावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “बुरशीनाशकाचा एक फवारा मारला की झालं. वाण, निवड, आच्छादन हे खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांचे उद्योग.” मतभेद असू देत, पण अनोळखी माणसाशी बोलायची ही कुठली रीत? गोव्यात डिचोलीत आमची मोरड, म्हणजे उंचावरची पावसाळी शेती आहे. शाळेत असताना वडिलांच्या मागून त्या चिखलात उतरलो, आणि पावसाळी चवळी आजही मीच लावतो. खुर्चीचं दुसऱ्या कुणाला सांगा.

आच्छादन म्हणून झाडांखाली जमिनीवर पसरायचा पेंढा महागलाय, हे तुमचं म्हणणं मान्य. मग सुका पातेरा, म्हणजे पालापाचोळा घाला. तसाही पर्णकोष करपा (खोडाला वेढणारा पानाचा भाग करपवणारा रोग) पडलेल्या भाताचा पेंढा चवळीत नकोच, कारण रोग तोच. रायझोक्टोनिया सोलानी ही एकच बुरशी भाताचा पर्णकोष करपवते आणि चवळीची पानं जाळ्यात धरते. भातानंतर शेंगवर्गीय पीक घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरून कसं चालेल?

श्रावणात सकाळी लवकर जाऊन खालचं पान उलटून बघा. पांढरे तंतू एका पानावरून दुसऱ्यावर गेलेले असतात, पानं एकमेकांना चिकटतात, आणि मेलेल्या पानावर राईहून बारीक तपकिरी गाठी दिसतात. त्या मातीत पडतात आणि वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पावसाचा थेंब मातीवर आपटला की चिखलाबरोबर पानावर उडतात. तुमचा फवारा पानावर पडतो, मातीतल्या गाठींचं तो काय करणार? आणि आपल्या पावसात तो पानावर तरी किती टिकतो? आच्छादन हे उडणंच अडवतं.

वाणाचंही तेच. या करप्याला पूर्ण दाद न देणारा वाण नाही, हे मी लेखातच लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं. जी प्रतिकारशक्ती मिळते ती थोडी थोडी, अनेक जनुकांतून येणारी. म्हणून संकर करून रोगाच्याच शेतात पिढ्यानपिढ्या निवड करावी लागते. उभट, मोकळी वाढणारी झाडं निवडली तर पानं लवकर सुकतात, तेवढीच बुरशीची ओल तुटते. फवारा यात मदतीला येतो, नाही म्हणत नाही. पण एकट्याने नाही.

यंदा तुमच्या शेतात करपा जमिनीलगतच्या पानांवर सुरू झाला की शेंड्याकडे, तेवढं कळवा. पुढचं मग बोलू.