नेट पण आपलंच आहे, काकू

महिन्याच्या पाच तारखेला सकाळी बेल दोनदा वाजली की समजायचं, केबलवाला पोरगा. सासूबाई त्याला पाणी देतात, दिवाळीच्या आसपास चकली देतात आणि कालच्या भागात सुनेने जे काही केलं त्याबद्दल दोघं मिळून हळहळतात. मी पाकिटातून ४८० रुपये काढते आणि दर वेळी मनात म्हणते, हा शेवटचा महिना.

मी पतपेढीत नोकरी केलेली बाई. टीव्हीवर साडेतीनशे चॅनेल आणि घरात बघितले जाणारे चार, हे मला झोपेतसुद्धा टोचायचं. सासूबाईंची मालिका, नवऱ्याच्या बातम्या, हंगामात क्रिकेट आणि चौथं एक भोजपुरी चॅनेल. ते रिमोटवर चुकून बोट पडलं की लागायचं आणि मग गाणं संपेपर्यंत कुणी बदलायचं नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे टीव्ही-टेलिफोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम आले होते तेव्हा मला वाटलं, सुटलो. हवे तेवढेच चॅनेल घ्या, तेवढेच पैसे भरा. वही घेऊन बसले. तर आधी १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, नुसती तार घरात येण्याचे. जेवणाचे वेगळे आणि ताटाचे वेगळे! वर चॅनेलचे सुटे भाव. आठ दिवस डोकं फोडून मी जी यादी केली ती केबलवाल्याच्या तयार पॅकेजपेक्षा महाग निघाली. वही मिटली, पॅकेज घेतलं.

यंदा चिरंजीव म्हणाले, "आई, केबल कोण बघतं आता? फायबरचं इंटरनेट घे." एवढं बोलून ते क्लासला गेले आणि वही पुन्हा माझ्याकडे आली.

फायबरचा जाहिरातीतला आकडा म्हणजे स्थळाचा फोटो. ३९९ म्हणतात आणि दारात उभा राहतो तो ४७१, कारण जीएसटी फोटोत येत नाही. पुढे राउटरचं डिपॉझिट. सहा महिन्यांचे एकदम भरले तर जोडणी फुकट, एकेक महिन्याचे भरले तर जोडणीचे वेगळे. 'अनलिमिटेड' या शब्दापाशी एक चांदणी होती. चांदणीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, महिन्याला ३३०० जीबी, त्यानंतर वेग कमी. मी हबकले. मग हिशेब केला. मालिका एचडीत तासभर बघितली तर साधारण तीन जीबी जातात, म्हणजे ३३०० जीबीला अकराशे तास. महिन्याचे तास ७२०. सासूबाईंनी जेवण, झोप आणि आरती सोडून अहोरात्र मालिका पाहिल्या तरी पुरून उरेल.

वेगाची गंमत निराळीच. फोनवरचा विक्रेता म्हणाला, "मॅम, तुमच्या घराला ३०० एमबीपीएस लागणारच." यातला 'बी' म्हणजे बिट, बाइट नव्हे, हे मुलाने सांगितलं. आठाने भागायचं. म्हणजे ४० म्हणतात तेव्हा सेकंदाला पाच मेगाबाइट. एचडी चित्राला पाचेक एमबीपीएस पुरतात, आणि तीन जण एकदम तीन खोल्यांत बघत बसले तरी ४० भरपूर. सासूबाईंनी हे सगळं ऐकून निकाल दिला, "कळशी भरायची तर टँकर कशाला बोलवायचा?" पाणी बंदच्या दिवशी सोसायटीत टँकरवरून होणारी भांडणं बघितलेल्या बाईचं मत आहे. ४० चा प्लॅन पक्का झाला.

आता उरलं एकच, केबलवाल्याला सांगणं. ठरलेलं लग्न मोडताना मुलीकडचे शब्द जुळवतात तसे मी दोन दिवस जुळवत होते. पाच तारखेला बेल वाजली. "अरे, आम्ही जरा विचार करतोय की..." म्हणून मी थांबले. त्याने शांतपणे पाणी प्यायलं आणि विचारलं, "फायबर घेताय ना? फॉर्म आणलाय. नेट पण आपलंच आहे, काकू."

ज्या कंपनीचा प्लॅन मी पंधरा दिवस वहीत तोलून निवडला होता, तिचं आमच्या गल्लीतलं काम त्याच्याच शेठकडे! सहा महिन्यांचे पैसे त्याच हातात ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो जोडायला आला ते मात्र बघण्यासारखं होतं. काळ्या तारेचं साल सोलत सोलत शेवटी आतून निघाला तो केसाएवढा काचेचा धागा. "काकू, पंखा बंद करा." जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात त्याने दोन टोकं ठेवली. छोट्या पडद्यावर ती मोठी होऊन समोरासमोर आली, क्षणभर लाजली, एक ठिणगी उडाली आणि दोनाची एक झाली. कापलेले काचेचे तुकडे त्याने चिकटपट्टीवर एकेक टिपून घेतले, पायात गेले तर दिसत नाहीत म्हणून. केबलची तार तो दातांनी सोलायचा. राउटर देवघराच्या वर बसला, कारण प्लग तिथेच होता. आमच्या जुन्या इमारतीच्या भिंती जाड. पाच गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल एकच भिंत ओलांडतो आणि दमतो, २.४ चा सावकाश पण स्वयंपाकघरापर्यंत येतो. घरातल्या माणसांचंही असंच आहे.

आम्ही ठाण्यात शिवाईनगरला राहतो, येऊरच्या पायथ्याशी. डोंगरावरची माकडं सकाळी खाली उतरतात आणि दोन इमारतींमधल्या तारांवरून ये-जा करतात. तिसऱ्याच आठवड्यात राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागला. देवघरावर लाल दिवा, त्यामुळे सासूबाईंनी आधी उदबत्ती लावली. मी कस्टमर केअरला फोन लावला. "मॅम, राउटर बंद करून चालू केलात का?" केला. "तारेला काही झालंय का?" म्हटलं, माकड लटकतंय. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "मॅम, हा पर्याय सिस्टीममध्ये नाहीये." संध्याकाळी तक्रार सुटल्याचा मेसेज आला. लाल दिवा होता तसाच. शेवटी केबलवाल्या पोराला फोन केला. तो गच्चीवर गेला, खाली आला, चकली खाल्ली, दिवा हिरवा झाला.

हिशेब लिहायचा राहिला. नेटचे ४७१. मालिका एका ॲपवर, क्रिकेट दुसऱ्यावर, मुलाचं तिसरं, सगळ्यांचे पैसे वेगळे. बेरीज केली आणि वही पुन्हा मिटली. शिवाय सासूबाई मालिका 'केव्हाही' बघायला तयार नाहीत. ती आठला असते, आठलाच बघायची.

त्या रविवारी मॅच लांबली. शेवटचं षटक, चार चेंडूंत सहा धावा. आठ वाजून पाच मिनिटं झालेली. सासूबाई जपमाळ घेऊन सोफ्याच्या टोकावर बसलेल्या, नवरा उभा. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पॅन्टवर घासत होता आणि समोरच्या इमारतीत, जिथे अजून केबल आहे, एकदम आरडाओरडा झाला. खाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. नेटवरची मॅच केबलपेक्षा अर्धा मिनिट मागे असते, हे चांदणीच्या मागेसुद्धा लिहिलेलं नव्हतं.

गोलंदाज आता कुठे धावायला लागला होता.

"जिंकलो ना?" सासूबाईंनी रिमोटसाठी हात पुढे केला. "मग लावा आता माझी मालिका."