जुन्या गाडीचा एसी उपटण्याआधी

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. ‘गाडीत कंपनीचा जुना एसी असेल तर सरळ काढून टाका. तो कधी धड थंड करतच नव्हता, त्याचा गॅस आता मिळत नाही आणि गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाचा जीव काढतो. बाजारातलं नवं किट शनिवार-रविवारी बसतं, गाडीच्या किमतीवर काडीचाही परिणाम होत नाही.’ यातल्या एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच सल्ला पटतो. पण त्यावरून सगळंच उपटायचं, हे कुठून आलं?

‘कधी धड थंड करतच नव्हता.’ कोणता? पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९४० च्या मॉडेलांत दिलेल्या एसीबद्दल बोलत असाल तर मान्य. त्याची कूलिंग कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे डिकीत होती, कॉम्प्रेसरला बेल्टपासून सोडवणारा क्लच नव्हता, आणि कॉम्प्रेसर थांबवायचा तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवावा लागे. पण १९६२ मध्ये जनरल मोटर्सने ‘ए-सिक्स’ हा सहा सिलिंडरचा कॉम्प्रेसर आणला, त्याची क्षमता २०० सीसीच्या आसपास होती. आजच्या कित्येक किटांबरोबर येणारा ५०८ जातीचा कॉम्प्रेसर १३८ सीसीचा असतो. नुसत्या सीसीवर थंडावा ठरत नाही, हे खरं. पण जुन्याला दुबळा म्हणण्याआधी हे आकडे शेजारी ठेवून बघावेत.

मग आज तो थंड का करत नाही? बहुतेक वेळा दोष एसीचा नसतोच. कॉइलवर वर्षानुवर्षांचा पालापाचोळा साचलेला असतो. कॉइल आणि ती जिच्यात बसते ती डॅशबोर्डमागची पेटी (बॉक्स) यांमधला फोम झडून गेलेला असतो, त्यामुळे हवा कॉइलमधून न जाता बाजूनेच निसटते. आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारा चोर म्हणजे हीटरचा व्हॉल्व्ह. तो पूर्ण बंद होत नसेल तर इंजिनाचं गरम पाणी हीटरच्या कॉइलमधून फिरतच राहतं, आणि त्याच बॉक्समध्ये एसीची कॉइल असते. शेगडी पेटती ठेवून शेजारी बर्फ जमवायला बसण्यातला हा प्रकार. हीटरकडे जाणारा होज क्लॅम्पने तात्पुरता दाबा आणि व्हेंटमध्ये थर्मामीटर धरा. पारा खाली आला तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला. जाता जाता, किटांनाही हीटरचा व्हॉल्व्ह लागतोच, आणि तो गळका राहिला तर नवं किटही तितकंच कोमट फुंकतं.

‘गॅस मिळत नाही.’ ही बाब अर्धी खरी आहे. जुन्या एसीत आर-१२ हा गॅस असे; १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचं उत्पादन विकसित देशांत १९९५ अखेर थांबलं, विकसनशील देशांत २०१० पर्यंत. आता मिळेल तो जुना साठा किंवा शुद्ध करून पुन्हा वापरलेला गॅस. पण जुन्या यंत्रणेत त्याच्या जागी आलेला आर-१३४ए चालतो, नीट केलं तर. शून्य अंशाला दोन्ही वायूंचा दाब जवळपास सारखा, ३ बारच्या आसपास. ६० अंशांना मात्र आर-१२ चा सुमारे १५ बार आणि आर-१३४ए चा सुमारे १७. म्हणजे थंड राहणाऱ्या कॉइलच्या बाजूला फारसं बिघडत नाही, खरा ताण पडतो तो गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवर. म्हणून बदलायचा तो कंडेन्सर. पॅरलल-फ्लो जातीचा (समांतर बारीक नळ्यांचा) काळ्या रंगाचा कंडेन्सर जाळीमागे कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

बाकीची पथ्यं कंटाळवाणी आहेत, पण चुकवता येत नाहीत. आर-१२ बरोबरचं मिनरल तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही, त्यामुळे ते कॉम्प्रेसरकडे नीट परत येत नाही. ते धुऊन काढून एस्टर किंवा पॅग हे कृत्रिम तेल घालायचं. जुन्या रबरी होजमधून नवा गॅस झिरपतो, म्हणून आतून अस्तर असलेले बॅरिअर होज हवेत. गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर नवा. गॅस वजनाने कमी, साधारण आर-१२ च्या ८० ते ९० टक्के. कॉइल गोठू नये म्हणून जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत जो पीओए व्हॉल्व्ह असतो, तो थोड्या कमी दाबावर लावून घ्यावा लागतो. यातलं काहीच न करता जुन्या तेलावर नवा गॅस भरणारे पुढे कॉम्प्रेसर जाम झाला की ‘जुना एसी असाच’ म्हणून मोकळे होतात. आणि कुणी प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण ‘थेट चालतं’ म्हणून देऊ केलं तर घेऊ नका. कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यांपाशी असते, तिथे गळती झाली की तो वायू केबिनमध्येच साचतो.

‘कॉम्प्रेसर इंजिनाचा जीव काढतो.’ संपूर्ण सल्ल्यातला हा सर्वांत दमदार मुद्दा. ए-सिक्सचं वजन १६ किलोच्या आसपास. यॉर्क कंपनीचा दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर तर वजनदारही आणि थरथरणाराही. पाच किंवा सात पिस्टनचा आजचा कॉम्प्रेसर वजनाला जवळपास निम्मा आणि चालायला मऊ असतो. मग बदला ना कॉम्प्रेसर! बऱ्याच इंजिनांसाठी ब्रॅकेट तयार मिळतात, बाहेरून ए-सिक्ससारखे दिसणारे पण आतून नव्या बांधणीचे कॉम्प्रेसरही बनतात. त्यासाठी डॅशबोर्डमागचा बॉक्स, हवेचे डक्ट आणि मूळ बटणं का काढायची? ‘मूळ की आफ्टरमार्केट (बाहेरून घेतलेला)’ हा प्रश्न अख्ख्या यंत्रणेला एकदम विचारला की उत्तर चुकतं. एकेका भागाला विचारा. झिजणारे आणि बॉनेटखाली राहणारे भाग नवे चालतील. कापाकापी केल्याशिवाय निघत नाहीत, ते राहू द्या.

‘शनिवार-रविवारी बसतं.’ किटचा खोका उघडून होतो तेवढ्यात. कंपनीचा एसी असलेल्या गाडीला मोठा रेडिएटर, पंख्याभोवतीचं आवरण (श्राउड) आणि दणकट पंखा बऱ्याचदा कारखान्यातूनच मिळालेला असतो. ज्या गाडीला एसी कधी नव्हताच, तिच्या रेडिएटरपुढे कंडेन्सर बसवला की ट्रॅफिकमध्ये काटा लालकडे सरकतो. शिवाय वीज. जुना डायनॅमो इंजिन संथ चालताना जवळजवळ काहीच देत नाही, आणि ब्लोअर, क्लच, इलेक्ट्रिक पंखा मिळून सहज ३० अँपिअर मागतात. म्हणजे अल्टरनेटर आला, वायरिंग आलं. पुष्कळ किटं बाहेरची हवा आत घेतच नाहीत, आतलीच फिरवतात. ती बसवताना कंपनीचा हीटर बॉक्स जातो आणि इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरची (फायरवॉलवरची) भोकं नव्याने बुजवावी लागतात. हे काम वाईट आहे असं नाही. दोन दिवसांचं नाही, एवढंच.

‘किमतीवर परिणाम नाही.’ गाडीच्या मूळ कागदांत एसी लिहिलेला असेल आणि डॅशबोर्डमध्ये किटचे गोल व्हेंट दिसत असतील, तर जाणकार खरीदार पैसे कापणारच. ज्या गाडीत एसी कधी नव्हता आणि जी रोज चालवायची आहे, तिच्यात मी स्वतः खुशाल किट बसवेन. त्यातही डॅशबोर्डखाली स्क्रूने टांगायचा बॉक्स मला जास्त आवडतो. त्या काळी डीलर असेच बॉक्स बसवून देत, त्यामुळे तो परका वाटत नाही, आणि काढला तर चार भोकांपलीकडे खूण राहत नाही. किटसाठी जे काही उतरवाल ते स्क्रूंसकट पेटीत भरून, चिठ्ठ्या लावून गाडीबरोबर ठेवा. नवा कॉम्प्रेसर कुठेही मिळेल, पण अनेक मॉडेलांचे डक्ट आणि व्हेंट आता कुणीच बनवत नाही.