इंजिन टकटक करतंय म्हणून ऑक्टेन वाढवू नका, आधी आवाज ओळखा

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: ‘टकटक ती टकटकच. इंजिनातून ती आली तर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, थोडं जाड ऑइल टाका. आवाज थांबला की इंजिन ठीक.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे. ते वाचून लोक तपासणीच करत नाहीत.

‘जास्त ऑक्टेन भरा.’ ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढल्यावर पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतं, एवढंच तो आकडा सांगतो. त्यामुळे फायदा झालाच तर एकाच आवाजात होईल: चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी खडखड. गिअर खाली घेतला की ती जाते. पण नेमून दिलेल्या पेट्रोलवर इतकी वर्षं नीट चाललेली गाडी आज खडखड का करते? सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, तापणारं इंजिन, लीन मिश्रण (हवा जास्त, पेट्रोल कमी), बंद पडलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप), चुकीचा स्पार्क प्लग. ही कारणं महागड्या पेट्रोलने फक्त झाकली जातात. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ही खडखड ओळखणाऱ्या नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगी थोडी उशिरा पाडतो. तरीही आवाज येत राहिला तर स्कॅनर (ईसीयूला जोडून तपासायचं यंत्र) लावाच. डिझेल गाडीत तर ऑक्टेनचा प्रश्नच येत नाही; तिथे इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपासून सुरुवात करायची.

‘टकटक ती टकटकच.’ मुळीच नाही. वरच्या बाजूने येणारी बारीक टिकटिक बहुधा टॅपेटची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांची. इंजिन थंड असताना येऊन गरम झाल्यावर विरणारा आवाज पिस्टनचा, नाहीतर इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळतीचा. गळती असेल तर सांध्याशी काजळी दिसते. खालून येणारा जड ठोका, रेस दिली की जलद होणारा आणि इंजिन तापल्यावर वाढणारा, पिस्टनला क्रँकशी (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. त्याची खूण पटवायची एक चांगली रीत आहे. मेकॅनिक स्कॅनरवरून एकेका सिलिंडरचं इंजेक्टर काही सेकंद बंद करतो. ज्या सिलिंडरला ठोका एकदम मऊ पडतो, संशय त्याच्या रॉडवर. जळण थांबलं की त्या बेअरिंगवरचा मारही कमी होतो.

‘जाड ऑइल टाका.’ बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. ती झिजून वाढली की जाड ऑइल थोडे दिवस आवाज दाबतं, झीज चालूच राहते. शिवाय थंड इंजिनात ते वर पोचायला वेळ घेतं, त्यामुळे ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट उलट जास्त वाजू शकतात. आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा; ऑइल कमी असलं तरी टिकटिक येते. मग गेज लावून प्रेशर मोजून घ्या. डॅशबोर्डवरचा दिवा प्रेशर अगदी खाली गेल्यावरच लागतो, तो विझलेला आहे यावर विसंबू नका. जुना ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. तिथे चमकणारे कण दिसले आणि चुंबकाला चिकटले नाहीत, तर काही जण निश्चिंत होतात. तिथेच घात होतो: बेअरिंगचा थर ॲल्युमिनियमचा किंवा तांबं-शिशाचा असतो, तो चुंबकाला चिकटतच नाही.

ठोक्यासोबत असे कण सापडले तर गाडी पुन्हा सुरू करू नका, टो करून न्या. वेळेत थांबलात तर बेअरिंग बदलून आणि क्रँकचं काम करून अनेकदा भागतं. रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला, तर इंजिनच बदलावं लागतं.