दुधातलं केसीन आतड्यांना चिकटत नाही

परवा ताईने सात वर्षांच्या भाच्याचं दूध बंद केलं. कारण काय, तर मोबाइलवर फिरत आलेला एक व्हिडिओ. त्यात गरम दुधात व्हिनेगर ओततात, रबरासारखा गोळा निघतो आणि मागून आवाज येतो, की हे केसीन, यापासून प्लास्टिक आणि गोंद बनतो, हेच तुमच्या मुलांच्या आतड्यांना आतून चिकटून बसतं. जोडीला आणखी तीन दावे: उकळल्यावर दुधातली प्रथिनं नष्ट होतात, होमोजिनाइज केलेल्या, म्हणजे यंत्रात स्निग्धाचे थेंब बारीक फोडलेल्या, दुधाचे कण थेट रक्तात घुसतात, आणि केसीनचा कण नेमका काय आहे हे शास्त्रज्ञांनाही माहीत नाही. ताई काळजीपोटी घाबरली, तिला दोष नाही. संताप येतो तो आईच्या काळजीवर असे व्हिडिओ पोसणाऱ्यांचा.

आधी तो गोळा. गायीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. ते सुटं तरंगत नाही. हजारो रेणू एकत्र येऊन त्याचे गोलसर कण होतात, त्यांना मायसेल म्हणतात. सरासरी कण १५० ते २०० नॅनोमीटरचा. आत केसीनचे सैल धागे, त्यांनी धरून ठेवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म पुंजके, आणि भरपूर पाणी: एक ग्रॅम केसीनमागे तीन-चार ग्रॅम. बाहेरून कॅपा-केसीनची, म्हणजे केसीनच्याच एका प्रकाराची, बारीक लव. ही लव आणि तिच्यावरचा ऋण विद्युतभार कणांना एकमेकांपासून लांब ठेवतात. आम्ल पडलं की कॅल्शियम फॉस्फेट विरघळतं, भार उतरतो, लव कोसळते आणि पीएच ४.६ च्या आसपास कण एकमेकांना बिलगतात. दूध फाटतं म्हणजे एवढंच होतं. यात कुणी काही मिसळलेलं नसतं.

केसीनपासून प्लास्टिक बनायचं, हे मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. गॅलालिथ त्याचं नाव, त्याची बटणं बनत. पण त्यासाठी केसीन फॉर्मल्डिहाइड या रसायनात बुडवून कडक करावं लागे. लाकूड जोडायचा केसीनचा गोंदही खरा, पण त्यात चुना घालतात आणि तो चिकटतो पाणी उडून गेल्यावर. आपल्या पोटात फॉर्मल्डिहाइड नाही, चुना नाही, आणि आतडं काही सुकत नाही.

मी ताईसमोरच तो प्रयोग केला. साय काढलेलं दूध फाडलं, गोळा धुतला. ताणला की खरंच रबरासारखा लागतो. मग त्याचा छोटा तुकडा खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात टाकून ढवळत बसलो. कडा आधी बुळबुळीत झाल्या, मग सुटायला लागल्या, आणि पाणी पुन्हा दुधासारखं गढूळ झालं. प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा असा विरघळवून दाखवा. स्वादुपिंडही लहान आतड्यात बायकार्बोनेटच सोडतं, शिवाय प्रथिनं तोडणारी ट्रिप्सिनसारखी एन्झाइम्स. केसीनच्या धाग्याची घडी मुळातच सैल, त्यामुळे ती एन्झाइम्स सहज आत शिरतात.

माझ्या भांड्यावर विश्वास नसेल तर १९९७ सालचा बुआरी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे, 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस'मध्ये आलेला. त्यांनी गायींनाच जड कार्बनची खूण केलेलं ल्युसीन, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्यातलं एक अमिनो आम्ल, देऊन खूण असलेली दूधप्रथिनं मिळवली, ती निरोगी तरुणांना पाजली आणि रक्त तपासत राहिले. दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांची, म्हणजे व्हेची, खूण रक्तात झपाट्याने चढली आणि उतरली. केसीनची हळूहळू आली आणि सुमारे सात तास येत राहिली. माणसं मोजकीच होती, पण या प्रश्नापुरतं तेवढं पुरे. जे आतड्याला चिकटून बसलं, ते रक्तात कसं आलं? पोटात गोळा होतो, हो. त्यामुळेच केसीन सावकाश पचतं. सावकाश पचणं आणि न पचणं यात फरक आहे, आणि व्हिडिओने नेमका तोच पुसून टाकला.

उकळण्याबद्दल: उकळून केसीनचं फारसं काही बिघडत नाही, कारण उलगडण्यासारखी घट्ट घडीच त्याला नाही. व्हेतली प्रथिनं ७० अंशांच्या वर उलगडतात, पण उलगडली तरी त्यातली अमिनो आम्लं तिथेच असतात.

होमोजिनाइज करताना फोडतात ते स्निग्धाचे थेंब. केसीनचे नॅनो आकाराचे कण तर गायीच्या कासेतच तयार होतात, कुठल्याही यंत्राआधी.

शास्त्रज्ञांच्या अज्ञानाची गोष्ट अर्धीच सांगितली आहे. वाद आहे तो कणाच्या आतल्या मांडणीचा. पूर्वी मायसेल छोट्या उपकणांचा बनतो असं मानत. आता बरेच जण कॅल्शियम फॉस्फेटच्या पुंजक्यांभोवती विणलेलं जाळं मानतात. कण कशाचा बनलाय यावर वाद नाही.

दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते, आणि ती गंभीर असू शकते. लॅक्टोज न पचणं ही वेगळी गोष्ट, ती साखरेची. यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारून दूध बंद करावं. भाच्याला यातलं काहीही नाही, हे मी ताईला तीनदा विचारून घेतलं.