शोध त्यांचे, वापर आपला? हरित तंत्रज्ञानाबद्दलचा एक सोयीस्कर समज

सौर पॅनेल असो की विजेची गाडी, चर्चेत एक दावा हमखास येतो: पर्यावरणाचं तंत्रज्ञान श्रीमंत देश शोधतात, बाकीचे नक्कल करतात, पेटंटचे आकडे बघा. म्हणून आधी श्रीमंत व्हा आणि तोवर तंत्रज्ञान विकत घ्या.

‘शोध तिकडेच लागतात.’ सुरुवातीपुरतं खरं. सिलिकॉनचा सौर घट (उन्हापासून वीज करणारा पॅनेलमधला मूळ घटक) 1954 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बनला; कार्यक्षमता जेमतेम 6 टक्के. पुढे सिडनीत संशोधक मार्टिन ग्रीन यांच्या गटाने 1980च्या दशकात ‘पर्क’ हा अधिक कार्यक्षम घट विकसित केला. पण त्यांचाच विद्यार्थी शी झेंगरोंग याने 2001 मध्ये चीनच्या वूशी शहरात सनटेक ही सौर पॅनेलची कंपनी काढली, आणि प्रयोगशाळेत अडकलेला पर्क दशकभराने मुख्यतः चिनी कारखान्यांतूनच घाऊक बाहेर पडला. सिलिकॉनच्या चकत्या अधिक पातळ कापायच्या, दर घटामागे लागणारी चांदी कमी करायची, तरी माल बाद होऊ द्यायचा नाही, हे काम नकलेने होत नाही. 2010 ते 2020 या काळात पॅनेलची किंमत सुमारे 90 टक्क्यांनी उतरली. (सुरुवातीचं गिऱ्हाईक जर्मनी होतं, सौर विजेला चढा दर बांधून देणाऱ्या 2000 सालच्या कायद्यामुळे. तेही श्रेय द्यायला हवं.)

‘पेटंट मोजा.’ मोजा की! पण पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्वे यांनी केलेलं बायोगॅस संयंत्र त्या मोजणीत कुठे बसवणार? शेणाऐवजी खरकटं, वाया गेलेलं पीठ असं पिष्टमय खाद्य, आणि पाण्याच्या दोन प्लास्टिक टाक्या, एकीत दुसरी उपडी. कच्चा माल थोडका लागतो आणि गॅस लवकर मिळतो. 2006 मध्ये त्याला ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पेटंट मोजून पेटंट घेणाऱ्यांची संख्या कळते, एवढंच.

‘आधी श्रीमंती, मग पर्यावरण.’ ब्राझीलने उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम 1975 साली सुरू केला तो श्रीमंतीतून नव्हे, तेलाच्या बिलाने कंबरडं मोडलं म्हणून. पर्यावरणाचं प्रेम त्यात फारसं नव्हतं, हेही सांगून टाकू. 1979 मध्ये निव्वळ इथेनॉलवरची फियाट 147 रस्त्यावर आली. 2003 मध्ये पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर धावणारी फोक्सवॅगनची ‘गोल’ ही गाडी आली. इंधनात इथेनॉल किती, हे ओळखायला अमेरिकी गाड्यांत वेगळा महागडा सेन्सर असे. ब्राझीलमधल्या अभियंत्यांनी धुराच्या वाटेवरच्या नेहमीच्या ऑक्सिजन सेन्सरवरून सॉफ्टवेअरलाच ते ताडायला लावलं. कंपन्या युरोपीय होत्या, पण गरज आणि काम तिथलं.

उरलं ‘विकत घ्या’. संशोधनाला लागणारा पैसा श्रीमंत देशांकडे जास्त आहे, यात वाद नाही. पण विकत घेणं किती सोपं असतं ते पुण्याच्या सुझलॉनला विचारावं. तिने 2007 मध्ये रीपॉवर या जर्मन पवनचक्की कंपनीवर ताबा मिळवला. तरीही छोट्या भागधारकांना संरक्षण देणाऱ्या जर्मन कायद्यामुळे तिथलं तंत्रज्ञान मोकळेपणी इकडे आणता येईना. पूर्ण मालकी यायला 2011 उजाडलं. तोवर कर्ज डोईजड झालं होतं, आणि 2015 मध्ये ती जर्मन कंपनी विकून टाकावी लागली.