मोटारीचे इंजिन विमानात अधिक भरवशाचे ठरते का?

विमानांची प्रमाणित (विमान-नियामकाने तपासून मंजूर केलेली) पिस्टन इंजिने 1950 च्या दशकातील आहेत, त्यांचे प्रमाणपत्र हा कागदी सोपस्कार आहे, आणि लाखो किलोमीटर बिनतक्रार धावणारे मोटारीचे इंजिन प्रायोगिक, म्हणजे हौशींनी स्वतः बांधलेल्या, विमानात बसवले तर ते अधिक विश्वासार्ह ठरते, असा दावा सर्रास केला जातो. त्यावर विसंबून लोक खरोखरच इंजिन निवडतात, म्हणून तो मुद्देसूद तपासणे आवश्यक आहे.

आराखडा जुना आहे, हे मान्य. लायकमिंग या अमेरिकी कंपनीचे ओ-320 हे विमान-इंजिन 1953 मध्ये प्रमाणित झाले. मात्र त्यातील मॅग्नेटो स्वतःच्या फिरत्या चुंबकावर ठिणगी निर्माण करतो, त्यामुळे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही निकामी झाले तरी इंजिन चालू राहते. मॅग्नेटो दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचे दोन प्लग असतात. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात ते पाहतो आणि ते मर्यादेपेक्षा जास्त उतरले तर विमान जमिनीवरच ठेवतो.

लाखो किलोमीटरचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. सपाट रस्त्यावर मोटार आपल्या शक्तीचा लहानसा अंश वापरते. विमानाचे इंजिन उड्डाण करताना पूर्ण शक्तीवर आणि नंतर तासन्‌तास 65 ते 75 टक्के शक्तीवर चालते. मोटार-उत्पादकही आपली इंजिने पूर्ण भाराखाली दीर्घकाळ तपासतात, त्यामुळे मूळ इंजिन बहुधा तग धरते. घात होतो तो त्याच्या भोवतालच्या यंत्रणांत. मोटारीचे इंजिन जितक्या वेगाने फिरून शक्ती देते तितक्या वेगाने प्रोपेलर फिरवला तर त्याची टोके ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचतात, म्हणून मध्ये गिअर किंवा पट्ट्याने वेग कमी करावा लागतो. सिलिंडरमधील प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) पीळ बसतो, आणि या पिळाची वारंवारिता शाफ्ट, गिअर व प्रोपेलर यांच्या नैसर्गिक वारंवारितेशी जुळली की गिअरचे दात किंवा शाफ्ट तुटू शकतात. शीतकरण, इंधनपुरवठा आणि वायरिंगही नव्याने जुळवावे लागते, आणि त्या जुळणीचा पहिला चाचणी-वैमानिक बहुतेक वेळा विमान बांधणारा स्वतःच असतो.

प्रमाणपत्र कागदी सोपस्कार नाही. अमेरिकी नियमांनुसार इंजिनाला 150 तासांची सहनशक्ती-चाचणी द्यावी लागते आणि त्यानंतर ते पूर्ण उघडून तपासले जाते. याचा अर्थ प्रमाणित इंजिन निर्दोष असते असा मात्र नाही. सेसना 172 या छोट्या विमानात बसवलेल्या ओ-320-एच2एडी या प्रमाणित इंजिनाचे कॅमशाफ्ट आणि टॅपेट (झडपा उघडणारे भाग) झिजण्याची तक्रार कुप्रसिद्ध आहे. जर्मनीत श्पायर येथे 2007 मध्ये झालेली घटना अधिक बोलकी आहे. तेथील डायमंड डीए42 विमानाची दोन्ही डिझेल इंजिने मर्सिडीजच्या मोटार-इंजिनावरून विकसित केलेली आणि प्रमाणित होती. बॅटरी उतरलेली असल्याने बाहेरून वीज जोडून विमान सुरू केले गेले. उड्डाणानंतर चाके आत घेताना विद्युतदाब क्षणभर कोसळला, इंजिनांचे नियंत्रक संगणक बंद पडले आणि दोन्ही प्रोपेलर थांबले. तो दोष सिलिंडर-पिस्टनचा नव्हता.

शिवाय ‘प्रायोगिक’ हा एकजिनसी गट नाही, कारण अनेक हौशी बांधणीच्या विमानांत लायकमिंगचेच इंजिन असते. अमेरिकेत अशा विमानाला इंजिन-प्रोपेलरची प्रमाणित जोडी असेल तर प्रचलित पद्धतीनुसार 25 तासांची, अन्यथा 40 तासांची प्राथमिक उड्डाणचाचणी करावी लागते. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 च्या अभ्यासात या विमानांच्या अपघातांमध्ये शक्तियंत्रणा बंद पडणे आणि ताबा सुटणे हे प्रकार सर्वाधिक असल्याचे नोंदवले, आणि इंधनयंत्रणेची कार्यचाचणी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीच सक्तीची करावी अशी शिफारस केली.